बाकांवरची शपथ

ख्रिस्ती लग्नात जे ऐकायला सगळे जमलेले असतात, नेमकं तेच कोणी धड ऐकत नाही. शपथेची वेळ येते तेव्हा फोटोग्राफर पाळकसाहेबांच्या आणि वधूवरांच्या मध्ये घुसलेला असतो. मागच्या बाकावरची पोरं मांडवातून येणाऱ्या बिर्याणीच्या वासाने चुळबुळत असतात, आणि नवरीच्या आईचा जीव व्हेलला लावलेल्या पिनांत अडकलेला असतो. पाळक चार-चार शब्दांचे तुकडे पाडून सांगतात, आधी नवरा मागून म्हणतो, मग नवरी. सुखाचे दिवस असोत की दुःखाचे, पैसा असो की नसो, आजारपणात आणि धडधाकटपणात, मरणाने ताटातूट होईपर्यंत. माइक खरखरतो. पंचविशीतली ती दोन निरोगी माणसं आजारपणाचं नाव घेतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काय येत असेल? फार तर टायफॉइड. एखादं ऑपरेशन, पलंगाशेजारी स्टूल, मोसंबीचा रस. पलंगावरचं माणूस आपल्याला ओळखत असेल, हे दोघंही धरूनच चाललेले असतात.

हे शब्द रचणाऱ्यांनीही तसंच धरलं असावं. शब्द फार जुने आहेत. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये चर्चची उपासना लॅटिनमध्ये चाले, पण लग्नाची शपथ मात्र वधूवरांनी आपल्या बोलीत घ्यायची, कारण आपण काय कबूल करतो आहोत हे त्यांना समजायला हवं. ती शपथ आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरने 1549च्या प्रार्थनापुस्तकात जवळपास तशीच उचलली. एक भर मात्र त्याने घातली. लग्न कशासाठी, तर मुलाबाळांसाठी आणि वासनेला बांध म्हणून, ही दोन कारणं परंपरेने दिलेली होती. क्रॅन्मरने तिसरं जोडलं: बऱ्यावाईट दिवसांत एकमेकांची सोबत आणि आधार. हा माणूस आर्चबिशप होण्याच्या आदल्या वर्षी, 1532 साली, जर्मनीत गुपचूप लग्न करून बसला होता आणि बायकोला त्याला जगापासून लपवून ठेवावं लागलं होतं. सोबत म्हणजे काय, हे तिसरं कारण लिहिताना त्याला पुस्तकात शोधावं लागलं नसेल.

आता दुसरी एक नोंद. नोव्हेंबर 1901, फ्रँकफर्टचं मनोरुग्णालय. एक्कावन्न वर्षांची ऑगस्टे डेटर तिथे दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. तिच्या आजाराचं पहिलं ठळक लक्षण होतं नवऱ्यावरचा संशय. डॉक्टर आलोइस अल्झायमर तिच्यापुढे बसून प्रश्न विचारत आणि उत्तरं टिपून ठेवत. नाव विचारलं, तिने बरोबर सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिने पुन्हा स्वतःचंच सांगितलं. 1906 साली ती गेली आणि त्याच वर्षी अल्झायमरने तिच्या मेंदूत काय दिसलं ते ट्यूबिंगनच्या सभेत मांडलं. पुढे ज्या आजाराला त्याचं नाव मिळालं, त्याच्या पहिल्या कागदावरच असं एक विस्कटलेलं जोडपं आहे.

माझे मामा नगरला शाळेत शिक्षक होते, मामीही शिक्षिका. दोघंही निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मामी घसरू लागली. आधी दुधाचा हिशेब, मग कुकरच्या शिट्ट्या, मग माणसं. मी सुट्टीला जायची तेव्हाचं एक दृश्य नेहमीचं होतं. दिवेलागण झाली की मामी अस्वस्थ व्हायची, पदर नीट घ्यायची आणि समोर खुर्चीत बसलेल्या मामांना म्हणायची, "अहो, तुम्ही आता घरी जा. आमचे हे यायची वेळ झाली." पहिल्यांदा मामांनी समजावलं, अल्बम दाखवला, स्वतःचं पेन्शनचं कार्डसुद्धा दाखवलं. ती जास्तच घाबरली. परका माणूस घरात बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही, याने कोणती बाई घाबरणार नाही? मग त्यांनी वेगळा मार्ग काढला. चपला घालून फाटकाबाहेर जायचे, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चक्कर मारून यायचे आणि बेल वाजवायचे. "आलो गं." दार उघडून मामी म्हणायची, "किती उशीर! कोणीतरी येऊन बसलं होतं इथं."

बाकी साऱ्यांना सोडून फक्त तुझ्याशी एकनिष्ठ राहीन, असाही एक भाग त्या शपथेच्या वेळी कबूल करून घेतात. मामी तो पाळत होती, प्रत्यक्ष मामांच्याच विरोधात. नवरा कोण ते ती विसरली होती, आपल्याला नवरा आहे हे विसरली नव्हती. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाने शपथ गमावली आणि आता ती फक्त धडधाकट जोडीदाराने ओढायची राहिली, असं आपण सरसकट बोलतो. दर संध्याकाळी गिरणीपर्यंत जाऊन येणाऱ्या मामांना कोणी हे सांगितलं असतं तर ते हसले असते.

पण मामांची मूर्ती करून ठेवायची नाही. आयुष्यात कधी साडीची घडी न घातलेल्या त्या माणसाने आधी निऱ्या शिकल्या, मग गाऊन आणले, मग पुण्याला मुलीला फोन करून डायपरची पुढची बाजू कोणती ते विचारलं. कडी दाराच्या अगदी वरच्या टोकाला बसवली, कारण मामी वर बघायची नाही. आरशातल्या बाईशी ती भांडायची म्हणून आरशावर टॉवेल टाकला. आणि एका दुपारी, तिसऱ्यांदा बदललेली चादर पुन्हा ओली झाली तेव्हा, त्यांनी मामीवर हात उगारलेला मी पाहिला. हात खाली आला नाही. ते मागच्या अंगणात गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. शपथेत चिडणार नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. ते म्हणायला लावलं असतं तर जगात एकही लग्न लागलं नसतं.

ख्रिस्ती लोकांत या विषयावर बोलणं निघालं की एक नाव हटकून येतं. रॉबर्टसन मॅक्विल्किन. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया गावच्या बायबल कॉलेजचे ते 1968 पासून अध्यक्ष होते. त्याआधी बारा वर्षं जपानमध्ये मिशनरी. बायको म्यूरिएल हसरी, बोलकी, रेडिओवर बायकांसाठी कार्यक्रम करणारी. 1978च्या सुमारास, पन्नाशीतच, ओळखीच्या एका घरी तिने पाच मिनिटांपूर्वी सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली. तिथून सुरुवात. पुढे तिला नवरा दिसेनासा झाला की भीती वाटू लागली. तो ऑफिसला गेला की ती त्याच्या मागे पायी निघायची. जाऊन-येऊन मैलभराचा रस्ता, आणि अशा खेपा कधीकधी दिवसाला दहा. रात्री तिचे कपडे बदलताना त्यांना तिच्या पायांवर रक्त दिसायचं. 1990 साली त्यांनी राजीनामा दिला. संस्था ऐन भरात होती, निवृत्तीला अवकाश होता, हितचिंतकांनी म्हटलं की तिला सांभाळायला दुसरं माणूस ठेवता येईल, तुमच्यासारखा अध्यक्ष मिळणार नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. वचन दिलंय, मरेपर्यंतचं दिलंय. शिवाय चाळीस वर्षं तिने मला सांभाळलं, आता पाळी माझी. आणि हे कर्तव्य म्हणून सोसतोय असं समजू नका, ती मला हवी आहे.

मला त्यांच्या भाषणापेक्षा तिचे पाय जास्त सांगून जातात. त्या पायांनी ती कुठे चालली होती? तिला दिवस, वार, वाक्य काही धरता येत नव्हतं. एक माणूस मात्र हवा होता.

मॅक्विल्किन यांचा लेख आला, पुस्तक आलं, त्यांच्यावर प्रवचनं झाली. आदर आहेच, तरी एक खोच मनातून जात नाही. हेच काम बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आणि त्यांच्यावर प्रवचन झालेलं मी ऐकलेलं नाही. राजीनामा गाजायला आधी पद लागतं. सासऱ्याचं, दिराचं, मग नवऱ्याचं करता करता जिची साठी ओलांडली, तिने काय सोडलं ते लिहून ठेवायला कोणाला सुचत नाही. मामांचंही मंडळीत कौतुक व्हायचं, पुरुष असून किती करतात. मामीची आई अर्धांगवायूने सात-आठ वर्षं त्याच घरात पडून होती आणि तिचं सगळं मामीने केलं, शाळा सांभाळून. त्याचं नाव कोणी काढलेलं मला आठवत नाही.

शपथ मोडावी असं म्हणणारे काय फक्त निर्दय लोक होते? तसंही नाही. सन 726 मध्ये पोप दुसरे ग्रेगरी यांनी जर्मनीत काम करणाऱ्या बॉनिफेसला पत्र लिहिलं. बायको आजारामुळे संसार करू शकत नसेल तर नवऱ्याने संयमाने राहिलेलं उत्तम, पण ते थोरांना जमतं. ज्याला जमत नाही त्याने दुसरं लग्न करावं, मात्र पहिलीचं पोट भरणं सोडू नये. पोपने हे लिहिलंय यावर आज कॅथलिक वाचकाचा विश्वास बसणार नाही. बाराव्या शतकात ग्रेशन या कायदेपंडिताने हे पत्र आपल्या संग्रहात घेतलं आणि खाली स्वतःचा शेरा मारला, की हे शुभवर्तमानाच्या आणि प्रेषितांच्या शिकवणीच्या साफ विरुद्ध आहे. 1522 मध्ये मार्टिन ल्यूथर लग्नाबद्दल लिहिताना याच प्रश्नाशी येतो. रोममधलं बहुतेक सगळं मोडायला निघालेला हा माणूस इथे मात्र ग्रेशनच्या बाजूला जाऊन बसतो: त्या आजारी माणसात देवाची सेवा कर, देवाने तुझ्या घरी पवित्र ठेवा पाठवलाय असं समज.

2011च्या सप्टेंबरात अमेरिकन टीव्हीवरचे प्रसिद्ध प्रचारक पॅट रॉबर्टसन यांना एका प्रेक्षकाचा प्रश्न आला. मित्राची बायको अल्झायमरची रुग्ण आहे आणि तो दुसऱ्या बाईबरोबर फिरू लागलाय, त्याला काय सांगू? रॉबर्टसन म्हणाले, घटस्फोट घ्यावा आणि नव्याने सुरुवात करावी, फक्त बायकोच्या देखभालीची चोख व्यवस्था करावी. आणि मरेपर्यंतच्या वचनाचं काय? तर हा आजार म्हणजे एक प्रकारचं मरणच. ख्रिस्ती जगात मोठा गदारोळ झाला. बाराशे पंच्याऐंशी वर्षांनी ग्रेगरींचंच पत्र स्टुडिओत वाचलं गेलं होतं, हे त्या गदारोळात फार थोड्यांच्या लक्षात आलं असेल.

सरकारी कायद्याला या वादात पडायचं कारण नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या 1869च्या घटस्फोट कायद्यात 2001 साली दुरुस्ती झाली. जोडीदाराचं मन बरं न होण्याइतकं बिघडलेलं असेल आणि ते सलग किमान दोन वर्षं तसं असेल, तर कोर्टात अर्ज करता येतो. कॅथलिक धर्मकायदा याच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. तो बघतो ते शपथेच्या क्षणाकडे. त्या वेळी दोघांची संमती समजून-उमजून दिलेली होती ना, मग नंतर मन विझलं तरी विवाह विझत नाही. तो फक्त मरणाने सुटतो. मी प्रोटेस्टंट घरातली, पण इथे मला हा कोरडा कायदाच अधिक दयाळू वाटतो. तू आता आठवत नाहीस म्हणून तुझं तेव्हाचं 'होय' खोटं ठरणार नाही, असं तो त्या विसरलेल्या बाईला सांगतो.

पॅट रॉबर्टसन यांच्या बोलण्यातलं खरं टोचणारं म्हणणं वेगळंच आहे. ही ती बाई राहिली नाही. पण कोण राहतं? लक्ष्मीबाई टिळकांचं लग्न 1880 साली एका ब्राह्मण मुलाशी, नारायण वामन टिळकांशी, झालं. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले आणि घरच्यांनी, गावाने, तो माणूस गेलाच असं धरलं. लक्ष्मीबाईंनी सोसलं, वर्षं काढली आणि पुन्हा त्याच माणसाबरोबर संसार मांडला. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या वाटेने चालत जाऊन. 1917 मध्ये टिळकांनी मिशनही सोडलं, म्हणजे बाईंना तिसऱ्याच माणसाशी जुळवून घ्यायचं होतं. यात आजार नव्हता, हे खरं. जाणीवपूर्वक बदललेलं माणूस आणि झिजत गेलेलं माणूस यांत फरक आहे. पण जोडीदार आहे तसाच राहील, या अटीवर कोणतंच लग्न टिकलेलं नाही, एवढं तर लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही कबूल व्हावं.

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे जॉन स्विंटन आधी मनोरुग्णांचे परिचारक होते, मग धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी 2012 साली स्मृतिभ्रंशावर एक पुस्तक लिहिलं. माणसाची ओळख त्याच्या स्वतःच्या आठवणींवर टिकून नसते, देव त्याला आठवणीत ठेवतो म्हणून तो तो असतो, असा त्याचा रोख. मला हे पटतं. फक्त देवाच्या आठवणीत असलेल्या माणसाला आंघोळ कोणीतरी घालावीच लागते.

एकनिष्ठतेची सगळ्यात अवघड परीक्षा मात्र मॅक्विल्किन यांच्या वाट्याला आली नाही. ती आली सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती, एपिस्कोपल चर्चच्या, म्हणजे क्रॅन्मरच्याच प्रार्थनापुस्तकाच्या घराण्यातल्या. जॉन ओ'कॉनर यांच्याशी 1952 साली लग्न झालं. जॉनना अल्झायमर झाला तेव्हा त्या काही काळ त्यांना आपल्याबरोबर ऑफिसात बसवायच्या. 2005 मध्ये त्यांनी तहहयात असलेलं न्यायमूर्तिपद सोडत असल्याचं जाहीर केलं, जॉनसाठी. तेवढ्यात त्यांचा आजार इतका वाढला की त्यांना फीनिक्सच्या एका शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तिथे जॉन एका दुसऱ्या रुग्ण बाईच्या प्रेमात पडले. हातात हात घालून तिच्याबरोबर बसून राहू लागले. 2007 साली त्यांच्या मुलाने हे टीव्हीवर सांगितलं, आणि हेही सांगितलं की बाबा सुखी आहेत म्हणून आईला बरं वाटतंय. ती भेटायला जाते आणि त्या दोघांशेजारी बसते.

तिथे बसण्यासाठी काय लागत असेल, याचा मी बरेचदा विचार करते. मामांना निदान बेल वाजवून पुन्हा नवरा होता येत होतं. इथे दुसरा कोणी नवऱ्याच्या जागी आलेला नाही, नवराच दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसलाय, आणि त्यात त्याचा तिळभर दोष नाही. जॉननी शपथ मोडली असं कोणताही शहाणा धर्मगुरू म्हणणार नाही. मग पाळली कोणी? बाईंनी, दोघांच्या वाट्याची. 2009 मध्ये जॉन गेले. 2018 साली ओ'कॉनर यांनी पत्र लिहून जाहीर केलं की आपल्यालाही स्मृतिभ्रंश झालाय, बहुधा अल्झायमरच. त्यांच्या शेजारी बसायला मात्र नवरा उरला नव्हता. 2023च्या डिसेंबरात त्या गेल्या.

म्यूरिएल 2003 मध्ये गेल्या. मॅक्विल्किन यांनी त्यानंतर दुसरं लग्न केलं. काहींना हे ऐकून थोडं निराश झाल्यासारखं होतं, मला नाही झालं. वचन मरणापर्यंतचं होतं आणि ते पुरतं फिटलं होतं.

आता बाकांकडे वळते. अमेरिकन एपिस्कोपल चर्चच्या 1979च्या प्रार्थनापुस्तकात आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या 2000 सालच्या विधीत वधूवरांबरोबर आणखी एक प्रश्न विचारतात, तो जमलेल्या सगळ्यांना. या दोघांचं लग्न टिकावं म्हणून तुम्ही हातभार लावाल ना? सगळे म्हणतात, लावू. आपल्याकडे तुमच्या मंडळीत हे विचारत असतील किंवा नसतील, पण तीन रविवार उपासनेत लग्नाची सूचना देतात, हरकत असेल तर बोला म्हणतात, रजिस्टरवर साक्षीदारांच्या सह्या घेतात. ते कशाला? लग्न दोघांचं खाजगी असतं तर यातलं काहीच लागलं नसतं.

मामा हळूहळू उपासनेला येईनासे झाले. मामीला एकटी ठेवता यायची नाही आणि चर्चमध्ये ती प्रवचनाच्या मधेच उठून घरी चला म्हणायची. एक-दोन वेळा लोकांनी मागे वळून पाहिलं. मग मंडळीत नुसतं म्हणायचे, मामा हल्ली दिसत नाहीत. नाताळात केक घेऊन यायचे, उभ्याउभ्या प्रार्थना करायचे, मामीला विचारायचे, "ओळखलं का मला?" आणि तिने ओळखलं नाही की हळहळून निघून जायचे. रविवारी सकाळी मामीपाशी बसायला येऊ लागल्या त्या शेजारच्या जैन काकू. वाटाणे सोलायला घेऊन यायच्या, निम्मे मामीपुढे ठेवायच्या. मामी ते सोलायची, सालीत दाणे आणि दाण्यांत साली करायची, काकू मग निवडत बसायच्या. मामांना तेवढा दीड तास मिळायचा. या काकू मामा-मामींच्या लग्नाला नव्हत्या. त्या लग्नाच्या जुन्या फोटोत चर्चच्या पायऱ्यांवर निदान साठ-सत्तर माणसं उभी आहेत.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभर माणसांत सातांहून थोड्या अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे 88 लाखांच्या आसपास. तुमची मंडळी मध्यम आकाराची असेल तरी त्यातली दोन-चार घरं तुम्हाला नावानिशी ठाऊक असतील. त्यातल्या एखाद्या घरच्या लग्नात तुम्ही जेवलाही असाल. तिथे जा. आधी फोन करा. डबा नेलात तर तो घाईने परत मागू नका. "ओळखलं का" असं विचारू नका, आपलं नाव सांगून बसा. आणि जो सांभाळतोय किंवा जी सांभाळतेय, त्यांना म्हणा, तुम्ही उपासनेला जाऊन या, मी आहे इथे. उपासना साडेनऊला सुरू होत असेल तर नऊलाच पोचा, त्यांनाही आंघोळ करून कपडे बदलायचे असतात.